डोंगरातलं जुनं धरण उंच केलं की शहराचं पाणी वाढतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: शहर वाढत चाललंय, वर डोंगरात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं काँक्रीटचं धरण आहे, नवीन धरणाला जागा उरलेली नाही, मग आहे त्याचीच उंची वाढवली तर पाणी किती वाढेल, ते सेफ असतं का, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाळ काढलेला स्वस्त नाही का पडणार.

मी सत्तावीस वर्षं धरणांच्या डिझाइनमध्ये आहे, त्यातली जवळपास दहा वर्षं जुनी धरणं उंच करणं आणि मजबूत करणं याच कामात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

आधी सरळ उत्तर देतो. हो, साठा वाढतो, आणि भरपूर वाढतो. पण साठा वेगळा आणि दरवर्षी हमखास मिळणारं पाणी वेगळं. धरण पाणी तयार करत नाही, आलेलं धरून ठेवतं एवढंच. हे वाक्य मी मीटिंगमध्ये शंभरदा बोललो असेन आणि तरी पुढच्या मीटिंगच्या स्लाइडवर "साठा तिप्पट, पाणी तिप्पट" असं छापून आलेलं पाहिलंय.

आता खऱ्या आकड्यांवर बोलू. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या वायव्येला डोंगरात ग्रॉस नावाचं धरण आहे, १९५४ साली पूर्ण झालेलं, वक्राकार काँक्रीट ग्रॅव्हिटी प्रकारचं (म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं), मूळ उंची ३४० फूट म्हणजे साधारण १०४ मीटर. डेन्व्हर वॉटर ही तिथली सार्वजनिक पाणीसंस्था, साधारण १५ लाख लोकांना पाणी देते, आणि ती या धरणाची उंची १३१ फुटांनी म्हणजे ४० मीटरनी वाढवतेय. जुना साठा ४२,००० एकर-फूट, म्हणजे अंदाजे ५.२ कोटी घनमीटर, आपल्या सवयीच्या मापात १.८ टीएमसीच्या आसपास. नवा साठा १,१९,००० एकर-फूट, म्हणजे १४.७ कोटी घनमीटर, सव्वापाच टीएमसीच्या किंचित आत. आता गंमत बघा, उंची वाढली ३८ टक्के आणि साठा झाला पावणेतीन पटीपेक्षा जास्त.

असं का होतं, तर डोंगरातली दरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तळाला अरुंद, वर रुंद. खालचे पन्नास मीटर भरायला फारसं पाणी लागत नाही, वरच्या प्रत्येक मीटरला मात्र पसरट थर मिळतो. म्हणून डोंगरातली धरणं उंच करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण भिंतीचे वरचे ४० मीटर हे खालच्या १०४ मीटरपेक्षा जवळपास दुप्पट पाणी धरतात. कागदावर हा सौदा इतका भारी दिसतो की त्यापुढे कोणी विचारतच नाही, भरायला पाणी येणार कुठून.

तर त्याच ग्रॉसचा दुसरा आकडा. वाढीव साठा एकूण ७७,००० एकर-फूट. त्यातले ५,००० एकर-फूट खालच्या ओढ्यात कोरड्या दिवसांत पाणी सोडायला राखीव ठेवलेत, बोल्डर आणि लफायेट या दोन शहरांबरोबर करार करून. उरले ७२,०००. या ७२,००० एकर-फूट साठ्यातून दरवर्षी हमखास मिळणारं पाणी, ज्याला आम्ही फर्म यील्ड म्हणतो, ते धरलंय १८,००० एकर-फूट. एक चतुर्थांश! म्हणजे चार बादल्या साठवणूक बांधायची तेव्हा कुठे वर्षाला एक बादली पाणी भरवशाचं.

यात कोणी कोणाला फसवलेलं नाही, हिशोबच असा असतो. ग्रॉसमध्ये येणारं बरंचसं पाणी डोंगराच्या पलीकडचं आहे, कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातल्या फ्रेझर आणि विल्यम्स फोर्क नद्यांचं. ते मॉफॅट बोगद्यातून, खंडाच्या मुख्य जलविभाजकाखालून, अलीकडे आणतात. रेल्वेचा मोठा बोगदा खणताना शेजारी आधी एक छोटा पायलट बोगदा काढला होता, रेल्वे १९२८ ला सुरू झाली आणि त्या पायलट बोगद्यातून १९३६ पासून पाणी यायला लागलं, टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. पण पाणी येतं ते बर्फ वितळतं तेव्हा, उन्हाळ्याच्या सुरवातीचे मोजके आठवडे. शिवाय कोलोरॅडोचा पाणीहक्काचा कायदा म्हणजे ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी. कोरड्या वर्षी आधीच्या हक्कदारांचं भागवून नव्या साठ्यासाठी काहीच उरत नाही. मग नवा साठा भरणार फक्त ओल्या आणि बऱ्या वर्षांत, आणि ते पाणी पुढच्या दोन-चार दुष्काळी वर्षांवर वाटून वापरायचं. चार वर्षांवर वाटलं की झाला एक चतुर्थांश.

म्हणून पहिला खर्च बोअरिंगवर करू नका, हायड्रॉलॉजीवर करा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांची रोजची आवक घ्या, सांडव्यावरून दरवर्षी किती पाणी वाहून गेलं ते काढा. जर दहापैकी आठ वर्षं सांडवा वाहतोय तर उंची वाढवण्यात अर्थ आहे. दहापैकी दोनच वर्षं वाहत असेल तर तुम्ही बांधताय ती रिकामी भिंत. माझ्याकडे एक काम आलं होतं त्यात सर्वेक्षण, ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल सगळं तयार होतं, नुसतं टेंडर काढायचं बाकी, आणि आवकेची नोंदवही मागितली तर अकरा वर्षांची निघाली, त्यात मधली तीन वर्षं गायब, आणि उरलेली आठ नेमकी चांगल्या पावसाची! तिथेच थांबवलं मी ते. अजूनही त्या लोकांचा माझ्यावर राग आहे.

पैशाचा हिशोब पण याच नजरेने करायचा. ग्रॉसच्या कामाचा जाहीर झालेला खर्च ५३.१ कोटी डॉलर. वाढीव साठ्यावर भागला तर घनमीटरला साडेपाच डॉलरच्या थोडं वर, वाटतं बरंय. तोच आकडा वर्षाच्या हमखास पाण्यावर भागला, म्हणजे १८,००० एकर-फूट, २.२ कोटी घनमीटरवर, तर घनमीटरला २४ डॉलरच्या आसपास जातो. नगरसेवकांना नेहमी पहिला आकडा दाखवतात. तुम्ही दुसरा मागा. आणि त्याच पैशात पाइपलाइनची गळती थांबवून, मीटर बसवून, बागांचं पाणी कमी करून किती पाणी वाचतं तो तिसरा आकडा शेजारी ठेवा, तो बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त निघतो. धरणवाला माणूस असून मी हे म्हणतोय, पण खरंय ते.

मग डेन्व्हर हे करतंय कशाला? त्यांचं कारण मला पटतं, निदान इंजिनिअर म्हणून. त्यांची बहुतेक साठवणूक शहराच्या दक्षिणेकडच्या साउथ प्लॅट नदीच्या बाजूला, उत्तरेकडे थोडीशीच. २००२ च्या दुष्काळात उत्तरेकडची बाजू कोरडी पडायच्या बेतात आली. दक्षिणेकडे १९९६ ला बफेलो क्रीकचा वणवा आणि २००२ ला हेमनचा प्रचंड वणवा, त्यानंतरच्या पावसात राख आणि माती थेट जलाशयात. म्हणजे एक बाजू आजारी पडली तर दुसरीने तगवलं पाहिजे, आणि दुसरी बाजू फारच लहान. यात नुसती लोकसंख्या नाहीये, भरवसा आहे. तुमच्या शहराची सगळी साठवणूक एकाच खोऱ्यात, एकाच पाइपलाइनवर असेल तर उंची वाढवून तुम्ही त्याच एका खोऱ्यावर अजून जास्त भार टाकताय, हे पण लक्षात घ्या.

बरं, आता भिंतीकडे येतो, इथे माझा जीव रमतो.

लोकांना वाटतं वर चार मजले चढवायचे. तसं होत नाही. पाण्याचा आडवा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो, आणि भिंत उलथवणारा मोमेंट घनाने. १०४ चे १४४ मीटर झाले की जोर जवळपास १.९ पट, मोमेंट २.६ पटीच्या पुढे. म्हणजे वर ४० मीटर चढवायचे तर खाली पायथ्यापासून भिंत जाड करावी लागते, जुन्या धरणाच्या पाठीला अख्खं नवीन धरण चिकटवायचं आणि ते वर नेऊन टोपी घालायची. नवीन काँक्रीटपैकी खूप मोठा भाग या पाठीच्या जाडीत जातो, उंचीत नाही. ग्रॉसला हेच केलंय, रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट वापरून, म्हणजे कोरडसर, कमी सिमेंटचं मिश्रण थराथराने पसरून रस्त्यासारखं रोलरने दाबायचं, वेग येतो आणि उष्णता कमी होते. सॅन डिएगोच्या सॅन व्हिसेंटे धरणावर पण तेच तंत्र होतं, १९४३ चं २२० फुटी धरण ११७ फुटांनी उंच केलं, २०१४ ला पूर्ण झालं, साठा ९०,००० वरून २,४२,००० एकर-फुटांवर गेला.

खरी डोकेदुखी जुन्या-नव्याच्या सांध्याची. जुनं काँक्रीट सत्तर वर्षांत थंड होऊन, आकसून, शांत झालेलं. नवीन गरम होतं, फुगतं, मग थंड होताना आकसतं, आणि आकसताना एक तर सांधा सुटतो नाहीतर तडा जातो. म्हणून जुन्या पाठीचा वरचा झिजलेला थर प्रचंड दाबाच्या पाण्याने सोलून काढतात, खडी उघडी पडेपर्यंत, मिश्रणात वीजकेंद्रातली राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश घालतात, बर्फ घालतात, उन्हाळ्यात रात्रीचं ओततात. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्यांना पण माहीत होता. इजिप्तच्या अस्वानचं जुनं धरण, १९०२ चं, १९०७ ते १९१२ मध्ये उंच आणि जाड केलं तेव्हा जुन्या आणि नव्या दगडी बांधकामात मुद्दाम फट ठेवली होती, दोन्हींचं तापमान सारखं झाल्यावर त्यात सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरलं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की ऑफिसमध्ये सगळ्यांना धरून धरून सांगत होतो.

एक बारीक गोष्ट जी नवख्या डिझाइनरच्या लक्षात येत नाही. तुम्ही नवीन काँक्रीट चिकटवता त्या क्षणी जलाशयात जेवढं पाणी आहे त्याचा जोर जुनं धरण एकटं घेतंय. नवीन भाग चिकटल्यावर तो जोर आपोआप वाटला जात नाही, नवीन भागावर येतो तो फक्त नंतर चढलेल्या पाण्याचा वाटा. म्हणजे जलाशय भरलेला ठेवून काम केलं तर जुनी भिंत कायमची जास्त ताणात राहते आणि नवी मागे ऐटीत उभी. म्हणून काम चालू असताना पातळी खाली ठेवायची असते. आणि इथेच पाणीपुरवठा खात्याशी भांडण, कारण शहराला तर पाणी रोज हवंय, दुष्काळ पडला तर कोणीच जलाशय रिकामा करू देत नाही. या एका मुद्द्यावर अख्खं वेळापत्रक कोलमडलेलं मी दोनदा पाहिलंय.

उंची थोडीच वाढवायची असेल तर दुसरा मार्ग आहे, भिंतीतून आरपार खाली खडकात पोलादी केबल ताणून बसवायच्या, त्या भिंतीला खाली दाबून धरतात. अल्जीरियातल्या शर्फा धरणावर १९३४ मध्ये आंद्रे कोयन या फ्रेंच इंजिनिअरने हे पहिल्यांदा केलं, तिथे उद्देश मजबुतीचा होता. कमानी धरणं असतील तर मामला अजून वेगळा, तिथे जोर दोन्ही बाजूंच्या डोंगरात जातो, म्हणून स्वित्झर्लंडचं लुझोने धरण १९९० च्या दशकात नुसतं वरून १७ मीटरनी वाढवता आलं, मोव्वाझँ त्याआधी साडेतेरा मीटरनी, पण तिथला हेतू हिवाळ्यातली वीज. आणि कधीकधी जुन्या धरणाला हातच लावत नाहीत, थोडं खाली नवीनच बांधतात आणि जुनं बुडवून टाकतात, कॅनबेराच्या कॉटर धरणाचं २०१३ मध्ये तसं झालं, ४ अब्ज लिटरचा साठा ७८ अब्ज लिटरच्या घरात गेला. जुन्या काँक्रीटवर विश्वासच नसेल तर हा मार्ग प्रामाणिक वाटतो मला.

विश्वास ठेवायचा की नाही ते ठरतं कोअर काढून, म्हणजे भिंतीत भोक पाडून काँक्रीटचे नमुने काढून. जुन्या ड्रॉइंगवर जाऊ नका. ड्रॉइंगमध्ये काढलेलं असतं ते, बांधलेलं असतं ते नाही. थरांच्या सांध्यात चिकटपणा किती, खडी सिमेंटशी रिअ‍ॅक्शन करून फुगतेय का, भिंतीच्या आतल्या गॅलरीतले (तपासणीच्या बोळातले) ड्रेन चुन्याने बुजलेत का. ड्रेन बुजले की भिंतीखालचा पाण्याचा उचल-दाब वाढतो, म्हणजे भिंतीचं वजन तेवढं कमी झाल्यासारखं, आणि उंची वाढवल्यावर तो दाब पण वाढणार. बाजूच्या डोंगरात तर जिथे पूर्वी कधी पाणी लागलंच नव्हतं तिथे आता पाणी टेकणार, तो खडक पहिल्यांदाच परीक्षेला बसतोय, तिथे खडकाच्या भेगा बुजवणारा ग्राउटिंगचा पडदा नव्याने लांबवावा लागतो आणि यात बजेट हमखास फुगतं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरवातीच्या काळात एका जलाशयाच्या कडेचा नकाशा मी जुन्या कंटूरवरून (समान उंचीच्या रेषांवरून) तपासला आणि सगळं ठीक म्हणून सही केली. धरणापासून तीन-चार किलोमीटर मागे, दाट झाडीत, एक खिंड होती, नव्या पूर्ण पातळीपेक्षा सव्वा मीटर खाली. म्हणजे नवीन भिंत कितीही भारी बांधली असती तरी पाणी पलीकडच्या खोऱ्यात उतरलं असतं, खालच्या वस्तीवर. एका सर्व्हेअरने पायी फिरून ते पकडलं, तिथे छोटा जोडबांध घालावा लागला. तेव्हापासून जलाशयाची कड मी स्वतः चालतो, गुडघे कुरकुरतात तरी.

कडेचा दुसरा धोका दरडीचा. पातळी वाढली की डोंगराचा पायथा भिजतो, आणि पातळी वरखाली करताना उतार सुटतो. इटलीतलं वायाँट, ९ ऑक्टोबर १९६३, सव्वीस-सत्तावीस कोटी घनमीटरचा डोंगरकडा जलाशयात घसरला, लाट धरणावरून पलीकडे गेली आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. धरण जवळपास जसंच्या तसं उभं राहिलं. ते नवीन धरण पहिल्यांदाच भरत होते, उंची वाढवलेलं नव्हतं, पण जुनं धरण उंच करता तेव्हा वरच्या पट्ट्यासाठी ते पुन्हा पहिलंच भरणं असतं. "सत्तर वर्षं काही झालं नाही" हा पुरावा जुन्या पातळीपुरताच.

सांडव्याबद्दल थोडक्यात, उंचीला हात लावला की महत्तम पुराचा हिशोब आजच्या निकषांनी पुन्हा करावा लागतो आणि तो जवळपास नेहमी जुन्यापेक्षा मोठा येतो. कधी त्यातच फायदा साधता येतो, ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टचं हिन्झे धरण २०११ मध्ये १५ मीटरनी उंच झालं तेव्हा पाण्याचा साठा जवळपास दुप्पट झालाच, वर पूर अडवायला पण जागा ठेवली. झडपांचा मुद्दा मात्र सगळे विसरतात. ४० मीटर जादा पाणी म्हणजे झडपेवर प्रत्येक चौरस मीटरला ४० टन जादा दाब. जुने गेट, जुने पाइप, जुने बोल्ट यातलं काहीच त्यासाठी बनवलेलं नसतं. भिंत होते, मग कोणीतरी विचारतं की तळाचा व्हॉल्व्ह उघडेल ना, आणि शांतता.

पाण्याच्या चवीचा आणि गुणवत्तेचा प्रश्न शहराच्या लोकांना पहिल्या दोन-चार वर्षांत जाणवतो. नवीन बुडालेली जमीन, त्यावरची माती, पालापाचोळा कुजतो, तळाचा ऑक्सिजन संपतो, मँगनीज आणि लोह विरघळून येतं, सेंद्रिय कार्बन वाढतो आणि शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घातल्यावर नको ती उपउत्पादनं तयार होतात. माशांमध्ये पारा वाढू शकतो. म्हणूनच बुडणारी झाडं आधी तोडून बाहेर काढतात, आणि ग्रॉसला त्यावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला कारण झाडांची संख्या लाखांत आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, झाडं तोडणं वाईट आणि न तोडता बुडवणं त्याहून वाईट. इनटेक, म्हणजे पाणी आत घ्यायची तोंडं, वेगवेगळ्या खोलीवर ठेवले की चांगल्या थरातलं पाणी उचलता येतं, खाली नदीत सोडतानाही माशांना सोसेल त्या तापमानाचं सोडता येतं. यावर पैसे वाचवू नका.

परवानग्यांचं म्हणाल तर कंबर कसून बसा. डेन्व्हर वॉटरने २००३ च्या सुमारास प्रक्रिया सुरू केली. लष्कराच्या इंजिनिअर विभागाची परवानगी २०१७ ला, केंद्रीय ऊर्जा आयोगाची २०२० ला (तिथे वीजनिर्मिती पण आहे म्हणून). मग स्थानिक काउंटीशी (तिथल्या जिल्हा प्रशासनाशी) वाद कोर्टात, २०२१ च्या शेवटी १.२५ कोटी डॉलरची तडजोड, आजूबाजूच्या रहिवाशांचा त्रास आणि पर्यावरण यासाठी. काम सुरू झालं २०२२ ला. खडी बाहेरून ट्रकने न आणता जागेवरच खाण काढली, डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर तो मोठाच दिलासा. पण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की २०१७ ची परवानगी देताना पर्यायांचा नीट विचार झाला नाही आणि पर्यावरण कायद्यांचा भंग झाला. एप्रिल २०२५ ला काम थांबवायचा आदेश, आणि मेच्या शेवटी सुधारित आदेश की भिंत पूर्ण करा, अर्धवट ठेवणं धोक्याचं आहे, पण जलाशय वाढवून भरायचा नाही आणि झाडं तोडायची नाहीत. प्रकरण पुढे अपिलात.

म्हणजे काँक्रीटची परवानगी आणि पाणी भरायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. कोर्टाला खटकलेल्या गोष्टींमधली एक मोठी अशी की कोलोरॅडो नदीचं पाणीच आटत चाललंय आणि त्या नदीचं वाटप १९२२ च्या करारावर बेतलेलं आहे, तर वरून येणाऱ्या पाण्याचा भरवसा किती याचा विचार झालाय का. फिरून तीच आवकेची नोंदवही.

ज्यांच्या खोऱ्यातून पाणी उचलणार त्यांच्याशी आधी बोला, नंतर नाही. २०१३ मध्ये डेन्व्हर वॉटरने डोंगरापलीकडच्या पश्चिम उताराच्या संस्थांबरोबर सहकार्य करार केला, नदी किती खाली गेली तर काय करायचं ते एकत्र बसून ठरवायचं असं त्यात आहे. सगळे खूश नाहीत, पण निदान टेबल तरी आहे.

जुन्या लोकांची एक दूरदृष्टी मात्र मानली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी देणारं ‘हेच-हेची’ नावाच्या खोऱ्यातलं ओशॉनसी धरण १९२३ ला बांधतानाच पुढे उंच करायचं धरून बांधलं होतं आणि १९३८ ला ते ८५ फुटांनी वाढवलं. ग्रॉसच्या मूळ डिझाइनमध्येही पुढच्या वाढीची कल्पना होतीच. तुमच्या धरणाच्या मूळ रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलंय का ते आधी शोधा, पायाची रुंदी आणि बाजूचा खडक त्या हिशोबाने ठेवला असेल तर निम्मं काम सोपं. नसेल तर "थोडी उंची वाढवू" म्हणणाऱ्याला विचारा, पाया कोणाचा?

राहिला गाळ. डोंगरातल्या वरच्या धरणांत गाळ सहसा मैदानी धरणांपेक्षा कमी असतो, पाणलोटात जंगल टिकून असेल तर फारच कमी, आणि तो बसतो बराचसा जलाशयाच्या शेपटीला आणि मृतसाठ्यात, म्हणजे काढून उपयुक्त साठा वाढेलच असं नाही. आधी बॅथिमेट्री करा, म्हणजे बोटीवरून तळाची मोजणी, आणि जुन्या कंटूरशी ताडून बघा गाळ आहे तरी किती. आणि मग ट्रक मोजा. ग्रॉसला जेवढा साठा वाढतोय तेवढी माती, ९.५ कोटी घनमीटर, दहा घनमीटरच्या ट्रकने काढायची तर ९५ लाख फेऱ्या, आणि ती टाकायची कुठे हा प्रश्न वेगळाच, कारण डोंगरात सपाट जागा हीच दुर्मीळ. ओला गाळ आधी वाळवावा लागतो, त्याला तर अजून जागा.

तरी गाळ काढणं फालतू आहे असं नाही. डेन्व्हरच्याच दक्षिणेकडच्या स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्स जलाशयात त्या दोन वणव्यांनंतर इतका गाळ आला की तो काढायला आणि भाजलेले डोंगर सावरायला अडीच कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला, आणि तो करावाच लागला, कारण गाळ इनटेकच्या तोंडाशी पोचत होता. तुमच्याकडे तोंडाशी गाळ आला असेल तर उंचीचं सोडा, तो या उन्हाळ्यात काढा.